सतरा धोंड्यांची ट्रॉली

फुलंब्रीकडचं गिऱ्हाईक माझ्या प्लॉटवर आलं की पुढं उभ्या केलेल्या गाड्यांकडे बघतही नाही. मी गाड्या धुतो, पुसतो, टायरांना काळं लावतो, रांगेत उभ्या करतो. हे लोक त्या रांगेला वळसा घालून सरळ मागच्या भिंतीकडे जातात आणि म्हणतात, "शेठ, मागची दाखवा." मागं काही नसतं. एखादी भंगारात काढलेली रिक्षा, नाही तर इंजिन उतरवलेला टेम्पो. तरी त्यांना मागचीच बघायची असते.

ही सवय त्यांना एका माणसानं लावली. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आठवलं की माझं डोकं तापतं. माझं डोकं तापायला फार लागत नाही, हे उस्मानपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण या बाबतीत मला कारण आहे.

तो पहिल्यांदा आला तो श्रावणात. श्रावण नावालाच होता, सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं आणि टँकर उन्हाळ्यासारखे पळत होते. डोक्याला पागोटं, अंगात मळकी कोपरी, खांद्यावर घोंगडी. त्या उकाड्यात घोंगडी! रामराम नाही, काही नाही. आला तो थेट पहिल्या जीपपाशी गेला, उकिडवा बसला आणि खाली डोकं घालून बघू लागला. मग दुसरीखाली, मग तिसरीखाली. पाच गाड्या झाल्यावर मी शेडमधून ओरडलो, "काय बघताय मामा?"

"खाली बघतो."

"खाली काय आहे?"

"वरून तुमी पुसलं आसंल. खाली कोन पुसतं?"

मी तिथंच ओळखायला हवं होतं. पण मी धंद्याला बसलो होतो, आणि घोंगडीवाला माणूस रोख पैसे देतो हा माझा अनुभव होता. माझा बापही घोंगडीवालाच होता. आमचीही मेंढरं होती. मी दहाबारा वर्षांचा असताना एका दुष्काळात बापानं ती मिळेल त्या भावात फुंकून टाकली, तीन भाऊ तीन दिशांना गेले, आणि मी या शहरात आलो. त्यामुळे या लोकांची भाषा मला कळते. निदान तेव्हा तसं वाटायचं.

"कशाला पाहिजे गाडी?"

"ट्रॉली वढायला."

"कसली ट्रॉली? ऊस की खडी?"

"घर हाय," तो म्हणाला.

हळूहळू समजलं ते असं. त्याची दीडशे-दोनशे मेंढरं. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला सगळं कुटुंब मेंढरांबरोबर चरायला बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. सामान, कोकरं आणि पोरं घोड्यांवर. मेंढरांच्या या फिरत्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात, त्याला ना भिंती ना दार. आधी हा वाडा शहराच्या आसपासच्या माळांवर महिना महिना टिकायचा. आता त्या माळांवर खुणेचे दगड रोवले गेले, प्लॉट पडले, कमानी उभ्या राहिल्या. चारा शोधायला कन्नडचा घाट उतरून पार खानदेशात जावं लागत होतं. रस्ता रुंद झालेला, त्यावर ट्रकांची रांग. घोडी बुजायला लागली. एक तर भर रस्त्यात बुजून उधळली आणि पाठीवरच्या नातवाचा हात मोडला. त्याची स्वतःची आई नव्वदीला आलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं, घोडीवर बसणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं घोडी विकली आणि घर चाकांवर घालायचं ठरवलं.

सगळं जग आधी गाडी घेतं, मग तिच्यामागं काय जोडायचं ते बघतं. यानं ट्रॉली आधी बनवून घेतली होती. शहागंजच्या मागच्या गल्लीत माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता, वेल्डिंगमध्ये त्याच्यासारखा हात नाही. ट्रॉली त्यानंच बांधली. मी मुद्दाम बघायला गेलो. खालच्या कप्प्यात कोकरांसाठी फळ्यांचा पिंजरा, वर माणसांना बसायला-निजायला लाकडी मजला, त्यावर पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात देवाला खण, मागच्या बाजूला चूल बांधायला साखळी. पुढच्या डाव्या कोपऱ्यात एक खोलगट जागा, तिला तीन बाजूंनी कठडा.

"हे काय?" मी विचारलं.

"वो अम्मा की जगा है," मिस्त्री म्हणाला. "तीन बार खोल के बनवाया मेरे से. बोलता, अम्मा को दिखता नई, पर हवा मालूम पडना. मैं बोला चच्चा, गाडी बना रऊं के पालना?"

"आणि ओढणार कशानं?"

"वो तुम्हारा सिरदर्द है सेठ." मिस्त्री हसला. "मेरा तो हो गया."

माझं सिरदर्द तीन महिने चाललं. आठवड्यातून दोनदा तो एस.टी.नं यायचा, कधी चालतही. खुर्चीवर कधी बसला नाही. गाडीसमोर जमिनीवर बसायचा आणि अर्धा तास तिच्याकडे टक लावून बघायचा, गाडी बंद असताना. गिऱ्हाइकं विचारायची, हे कोण? मी म्हणायचो, जाऊ द्या.

त्याचे प्रश्नही उलटे. गाडी किती पळते, ॲव्हरेज किती, हे त्यानं कधी विचारलं नाही. पहिला प्रश्न, "मालकानं इकली काऊन?" मी कारणं सांगायचो, नोकरी बदलली, पोरगी उजवायची आहे, नवी घ्यायची आहे. तो मान हलवायचा. "मानूस गाडी कवा इकतो? गाडी कळल्यावर."

दुसरं म्हणजे, गाडी चालू करून दाखवली की तो म्हणायचा, "चालू तर कुनीबी करतं. थांबवून दाखवा."

मी प्लॉटवर दहा फूट पुढं घेऊन ब्रेक मारायचो. "हे बघा, थांबली."

"ही रिकामी हाय. रिकामं तर गाढवबी थांबतं."

असल्या बोलण्यानं रांगेतली दुसरी गिऱ्हाइकं हसायची, आणि गिऱ्हाईक हसायला लागलं की भाव पडतो. मी त्याच्यावर दोनदा चांगला ओरडलो. एकदा तर म्हणालो, मामा, बैलबाजारात जा, इथं येऊ नका. तो शांतपणे उठला, घोंगडी झटकली आणि म्हणाला, "शुक्रवारी येतो." आणि शुक्रवारी आला.

आता मागच्या गाडीचं सांगतो. मागच्या भिंतीला माझं ट्रॅक्टर उभं असायचं. विकायला नव्हतं. मी शहरात हमाली केली, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालो, आणि मग जुनं घेऊन स्वतःचं केलं ते हे ट्रॅक्टर. बीड बायपासच्या पलीकडे नवी घरं उठत होती, वसाहतींना नावं होती पण नळ नव्हते. मी टँकर जोडून पाणी घातलं. त्या पाण्यावर हा प्लॉट घेतला. गाड्यांचा धंदा लागल्यावरही रोज सकाळी दोन खेपा मी स्वतः मारायचो, कुणी म्हणेल सवय, कुणी म्हणेल लोभ. दसऱ्याला सगळ्या गाड्यांना एक एक हार असायचा, ट्रॅक्टरला दोन.

पहिल्याच दिवशी त्यानं काठीनं तिकडे दाखवून विचारलं होतं, "ते?"

"ते नाही विकायचं."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. पण नंतर माझ्या लक्षात आलं, तो सकाळी यायचा तो नेमका मी भरलेला टँकर घेऊन परतायच्या वेळी. दुसरी खेप आमच्याच गल्लीतली, त्यामुळे टँकर प्लॉटवर यायचा. माझ्या फाटकासमोर रस्त्याला उतार आहे. तिथं ट्रॅक्टर थांबवून फाटक उघडावं लागतं. तो पलीकडच्या कडेला बसून टँकरच्या झाकणाकडे बघत असायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याला तहान लागली असेल. मी एकदा तांब्या भरून दिला. त्यानं अर्धा प्यायला आणि अर्धा फाटकाजवळच्या लिंबाच्या रोपाला घातला.

इतर ट्रॅक्टरं मी त्याला दाखवली नाहीत असं नाही. तीन दाखवली. तिन्ही त्यानं नाकारली, आणि कारण एकच. "ह्यांनी नांगर वढलाय. नांगर जमिनीला धरून आसतो, तो मागून ढकलत नाय. ह्यांना मागून ढकललेलं ठाव नाय."

"मग पाणी ओढलेलं बघा कुठं तरी."

"ह्या सालात पान्याचं ट्रॅक्टर कोन इकतंय?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा सांगितला आणि विषय बदलला.

भाद्रपदात त्याचा थोरला मुलगा एकटाच माझ्याकडे आला. पँट-शर्टातला, तिशीतला, बोलायला नरम. म्हणाला, "शेठ, आमच्या बापाला गाडी देऊ नका."

"का रे?"

"दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गाडी आली तर वाडा घेऊन जायचा, नाय तर मेंढरं इकायची, असं ठरलंय घरात. आबानीच कबूल केलंय. मला वाळूजला कंपनीत कामाचं जमतंय. मधला प्लॉटिंगवाल्याकडं राखणीला लागंल. धाकटा म्हनतो सासरवाडीला जातो."

"आणि म्हातारी?"

त्यानं पायातली चप्पल सरळ केली. मग म्हणाला, "बघू. वाटून घिऊ महिने."

मला काय, मी कुणालाही गाडी विकतो. पण म्हातारीचे महिने वाटून घ्यायचे, हे माझ्या कानाला ओळखीचं वाटलं. माझ्या आईचेही आम्ही तिघांनी वाटून घेतले होते. तिसऱ्या भावाचे महिने यायच्या आत ती गेली. त्या मुलाला मी चहा पाजला आणि मनात ठरवलं, आता या म्हाताऱ्याला गाडी विकायचीच. इतके दिवस डोकं खाल्लं त्याचीही वसुली होईल.

माझ्याकडे सरकारी लिलावातली एक डिझेल जीप आली होती. चारही चाकांना ताकद, इंजिन नव्यासारखं. मी निरोप धाडला. तो आला, खाली बघितलं, भोवती फिरला, समोर बसला. म्हणाला, "पुढं शेळी आन मागं रेडा. चढाला शेळी जोर करंल. उताराला रेडा शेळीला ढकलंल, त्याचं काय?"

"मामा, ही शेळी नाही. ही रेल्वेचा डबा ओढेल."

"वढंल. थांबवंल का?"

"थांबवेल! मी स्वतः चालवून दाखवतो. कुठं दाखवू, सांगा."

"चौक्याच्या घाटात," तो म्हणाला. "भरल्या वजनावर."

"मग भरा वजन. बसवा तुमची माणसं."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी काही तरी अचरट बोललो होतो. "मानसं आदी कशी बसवायची? आदी धोंडे बसवू."

दोन दिवसांनी त्यानं मला साक्षीला मोंढ्यात बोलावलं. एका अडत्याच्या दुकानात जुना मोठा तराजू अजून टांगलेला होता, साखळ्यांचा, पोती तोलायचा. याची त्या अडत्याशी जुनी ओळख, लोकरीची. बाहेर एका बैलगाडीत धोंडे भरलेले, त्याच्याच माळावरून आणलेले. आणि ओट्यावर सगळं कुटुंब ओळीनं बसलेलं. सतरा माणसं. म्हातारी, तो, त्याची बायको, एक विधवा बहीण, तीन मुलगे, तीन सुना आणि सात नातवंडं. एकेकाला तो तराजूच्या एका पारड्यात बसवायचा आणि दुसऱ्यात धोंडा ठेवून बघायचा. जड झाला तर उतरवून दुसरा. जुळला की त्यावर चुन्यानं खूण करायची. अक्षर येत नव्हतं, म्हणून बहिणीला एक रेघ, थोरल्या सुनेला बांगडी, तिसऱ्या नातवाला चेंडू अशा खुणा. पोरांना मजा वाटत होती. मोंढ्यातले हमाल काम सोडून बघत उभे होते.

म्हातारीला दोन मुलांनी उचलून पारड्यात ठेवलं. पारडं हललं तशी ती साखळी घट्ट धरून ओरडली, "काय करू लागला रं मेल्या?"

"तोलतोय आई."

"मला इकतो का काय?"

"घ्यायला कोन बसलंय?" तो म्हणाला, आणि सगळे हसले, म्हातारीही हसली. तिचा धोंडा सगळ्यांना वाटला त्यापेक्षा बराच लहान निघाला. त्यावर त्यानं चुन्यानं एक डोळा काढला.

धाकटी सून पोटुशी होती. तिचा धोंडा जुळल्यावर त्यानं गाडीतून वांग्याएवढा एक दगड काढला आणि त्या धोंड्यावर ठेवला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"येनाऱ्याचा," तो म्हणाला. "तोवर तेवढा व्हईलच."

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. मला तेव्हा हा सगळा वेडेपणा वाटला आणि मी तसं बोललोही. माझ्या दृष्टीनं पोत्यात वाळू भरली असती तरी काम भागलं असतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही चौक्याच्या घाटात गेलो. ट्रॉलीत धोंडे ज्याच्या त्याच्या जागेवर, कठड्यात म्हातारीचा, खाली कोकरांच्या बदली वाळूची पोती. जीपला हूक मिस्त्रीनं बसवलेला. चढ जीपनं झकास घेतला. मी खिडकीतून डोकं काढून मागं ट्रॉलीत धोंड्यांमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याला ओरडून म्हणालो, "बघा शेळी!" वर पोचल्यावर गाडी वळवली. मी म्हणालो, आता बसा मागं. तो उतरला. म्हणाला, "उताराला मी पायी येतो. तुमीबी दार उघडं ठिवा."

मला ते झोंबलं. मी दार आपटून लावलं आणि निघालो.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्यावर मला कळलं की जीप मी चालवत नाही, ट्रॉली चालवते आहे. ब्रेक दाबला की जीप थांबू बघायची आणि मागून धक्का यायचा, मागची चाकं रस्ता सोडल्यासारखी व्हायची. गिअर खाली घेतला तर सगळी गाडी ओरडू लागली. ब्रेकचा जळका वास आला. तिसऱ्या वळणावर पाय खाली गेला तो गेलाच. मी जीप डोंगराच्या बाजूला घातली, दरीच्या नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. जीप चरात अडकली, ट्रॉली आडवी फिरली आणि एका अंगावर कलली. धोंडे घरंगळत रस्त्यावर आले.

मला कपाळाला खोक पडली, बाकी काही नाही. खाली उतरलो तो ओरडतच. मिस्त्रीच्या नावानं, हुकाच्या नावानं, रस्त्याच्या नावानं. तो वरून आला, धावत नाही, चालतच. माझ्या कपाळाकडे बघितलं, पागोट्याचं टोक फाडून दिलं आणि धोंडे गोळा करायला लागला.

एकेक धोंडा उचलायचा, खूण बघायची आणि कडेला ओळीत ठेवायचा. थोरल्याचा. बहिणीचा. चेंडूवाला. डोळ्याचा धोंडा पार खालच्या वळणाजवळ सापडला, तो त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरून वर आणला. वाहनं थांबत होती, लोक विचारत होते कुणाला लागलं का. सतरा झाले. तरी तो शोधतच होता.

"आता काय राहिलं?" मी ओरडलो.

"बारका."

"अहो, वांग्याएवढा दगड तो! रस्त्यावर शंभर पडलेत तसले!"

त्यानं वर बघितलं नाही. "शंभर हायेत. त्यो नाय."

चांगला तासभर तो त्या घाटात काठीनं गवत चाळत फिरला. मी दगडावर बसून राहिलो. शेवटी चराच्या पलीकडे बाभळीच्या बुडाशी त्याला तो सापडला. त्यानं फुंकर मारली, घोंगडीच्या घडीत ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

मी म्हणालो, "धोंडेच होते ना मामा. कुणी मेलं नाही."

"व्हय," तो म्हणाला. "आज धोंडेच हुते, लेका."

तोपर्यंत तो मला शेठ म्हणायचा. त्या दिवसापासून लेका म्हणायला लागला. ती बढती होती की घसरण, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जीपचा दुरुस्तीचा खर्च मी त्याच्याकडे मागितला नाही. ट्रॉली मिस्त्रीनं सरळ करून दिली. पाडव्याला आठ दिवस उरले होते. तो आला नाही. एक शुक्रवार गेला. मी सकाळच्या खेपा मारत होतो, फाटकासमोर उतारावर थांबत होतो, आणि पलीकडच्या कडेला कुणी बसलेलं नव्हतं. त्या दिवशी मी सहज मागं वळून टँकरच्या झाकणाकडे बघितलं. झाकण नीट बसत नव्हतं, कित्येक वर्षांपासून. भरलेला टँकर, तीव्र उतार, आणि बाहेर एक थेंब सांडला नव्हता. तो काय बघत बसायचा ते मला तेव्हा कळलं. पाणी आत हेलकावतं, गाडी थांबली तरी ते थांबत नाही, पुढं ढकलतं. माझं ट्रॅक्टर ते ढकलणं अंगावर घ्यायला शिकलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं ते निवडलं होतं. बाकी तीन महिने तो फक्त मी कधी बघतो याची वाट बघत होता.

मला राग आला. सरळ सांगायला काय झालं होतं? जीप वाचली असती, कपाळ वाचलं असतं. मी ट्रॅक्टर टँकरपासून सोडवलं आणि त्याच रागात फुलंब्रीच्या पलीकडे त्याच्या वस्तीवर घेऊन गेलो. वस्तीसमोर दोन व्यापारी मेंढरं बघत उभे होते. थोरला मुलगा त्यांच्याशी बोलत होता. म्हातारी खाटेवर बसून विचारत होती, "कोन आलंय? कसला आवाज हाय?"

"पानीवालं ट्रॅक्टर हाय आई," आतून म्हातारा म्हणाला. त्यानं आवाजावरूनच ओळखलं होतं, घरातून बाहेर यायच्या आधी.

मी उतरलो आणि भाव बोलायला तोंड उघडलं. माझा सगळा धंदा तोंडावर चालतो. मी ओरडतो, शपथा घालतो, निघून जातो, परत येतो, आणि समोरचा थकतो. पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. घोंगडी पसरली, स्वतःचा उजवा हात तिच्याखाली घातला आणि माझी वाट बघत उभा राहिला.

ही आमच्या बाजारातली जुनी रीत. कापडाखाली हात धरायचे. जितकी बोटं दाबली तितका आकडा. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि दोघांच्या तोंडून एक शब्द निघत नाही. मी लहानपणी बापाला असं करताना बघितलं होतं, ज्या दिवशी मेंढरं गेली त्याच दिवशी. स्वतः कधी केलं नव्हतं. मी हात घातला. त्याचा हात लाकडासारखा होता. मी बोटं दाबली. त्यानं दाबली. मी परत दाबली. घोंगडीखाली ओरडता येत नाही, शपथ घालता येत नाही, उठून निघून जाता येत नाही. शेजारी दोन व्यापारी आणि तीन मुलगे घोंगडीकडे बघत होते. थोडा वेळ गेला आणि मी हो म्हणून बसलो.

आकडा सांगणार नाही. घोंगडीखालचा आकडा बाहेर सांगत नसतात. एवढंच सांगतो की आयुष्यात मी एकदाच हरलो, आणि ते तिथं.

पाडव्याच्या दिवशी तो ट्रॉली घेऊन माझ्या प्लॉटवर आला. आधीचे तीन दिवस धोंडे भरून चौक्याचा घाट वरखाली करून झाला होता, थोरला मुलगा चालवायला शिकला होता. त्यानं सगळे धोंडे माझ्या भिंतीपाशी उतरवले. "आता मानसं बसत्यात," म्हणाला. माणसं बसली. म्हातारीला कठड्यात ठेवलं. तिनं हात बाहेर काढून वारा चाचपला. ट्रॅक्टर निघालं, मेंढरांच्या चालीनं. मी ते वळणापर्यंत बघितलं, कारण ते माझं होतं.

माझी तक्रार इथून सुरू होते. खानदेशात उतरेपर्यंत वाटेत जो जो भेटला त्याला त्यानं सांगितलं, "उस्मानपुऱ्यात एक शेठ हाय. मानूस चांगला. पर चांगली गाडी इकत नाय, मागं ठिवतो. गेलात तर मागची मागा." ज्याला मी माझं पोटचं दिलं, त्यानं माझ्या पुढच्या सगळ्या रांगेवर पाणी ओतलं. मी निरोप पाठवून भांडलो. उलट निरोप आला, "खोटं काय बोललो?"

ते धोंडे तसेच भिंतीशी पडून राहिले. गिऱ्हाइकं त्यांवर बसतात. आणि खरं सांगायचं तर, तेव्हापासून ओढायची गाडी मी विकण्याआधी ते धोंडे ट्रॉलीत भरून एकदा उताराला लावतो. हे मी कुणाला सांगत नाही, नाही तर तो त्याचं श्रेय घेईल.

तिसऱ्या वर्षी, वैशाखात, माझ्या फाटकासमोरच्या उतारावर ओळखीचा आवाज थांबला. मी न बघता ओळखलं. वाडा परतत होता. ट्रॉलीवर सुना, पोरं, भांडी, कोंबड्या, वाळूजला न गेलेला थोरला चाकावर. धाकट्या सुनेच्या मांडीवर एक काळीसावळी पोरगी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. कठडा रिकामा होता.

तो उतरला. घोंगडी तीच.

"म्हातारी?" मी विचारलं.

"माघात गेली. नीट गेली. ट्रॉलीतच." मग कठड्यावर हात ठेवून म्हणाला, "ती पुढच्या कोपऱ्यात बसायची. ती गेल्यापून ट्रॉली त्या अंगानं उचलती. खड्ड्यात आदळती. पोरं दचकून उठत्यात. धोंडा पायजे तिचा."

मी भिंतीपाशी गेलो. चुना कधीच धुऊन गेला होता, पण तो धोंडा मला ठाऊक होता, सगळ्यांना वाटला त्यापेक्षा लहान. दोघांनी उचलून कठड्यात ठेवला. नीट बसला.

मी धंदेवाईक माणूस आहे आणि माझा राग गेलेला नव्हता. मी म्हणालो, "तीन वर्षं सांभाळलाय मामा. फुकट नाही मिळणार."

त्यानं खांद्यावरची घोंगडी उतरवून पसरली. हात आत घातला. मीही घातला. ट्रॉलीतली सगळी माणसं वाकून बघत होती. त्याचा हात पूर्वीपेक्षा हलका झाला होता. त्यानं बोटं मोकळी सोडून दिली होती, तू दाबशील तितकी.

मी हात बराच वेळ धरून ठेवला, आणि एकही बोट दाबलं नाही.